भागाईने मागून घेतलेली भेग

आंबेरखोलच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर, एक भेग आहे. गावाशी हातभर, पण खाली समुद्राकडे रुंदावत गेलेली. पाहुणे वाकून बघतात, फोटो काढतात आणि विचारतात, ही कुणी खणली? खणायला कुणाच्या बापाची छाती आहे! भागाईने ती मागून घेतली, असे जुनी माणसे सांगतात.

तेव्हा म्हणे सगळ्या जमिनी सुट्या होत्या, मधे समुद्र. भागाईची एकुलती लेक मैना पाण्यापलीकडे दिलेली. एखादे होडके आले तरच तिची खुशाली कळायची. भागाईला ते सोसवेना. तिने धरित्रीला नवस केला, "माज्या चेडवाची भुंय माज्या भुंयेक आणून लाय. चालत जातलंय नि चालत येतलंय." आईची माया, दुसरे काय! पण मागताना तिने पुढचा विचार केला नाही.

धरित्रीने ऐकले. एकेक जमीन सरकत आली आणि एकमेकींना चिकटली. मैना चालत माहेरी आली. मायलेकींचे थोडे दिवस मोठ्या सुखाचे गेले. मग समुद्र इतका लांब पडला की ढग वाटेतच रिते होऊ लागले. विहिरी आटल्या. जमिनी मात्र थांबेनात. चहूबाजूंनी त्या रेटत राहिल्या, शेतांचे डोंगर झाले, वाटा बुजल्या. जावे तिकडे कातळ आडवा. खुराड्यातल्या कोंबड्यांसारखी माणसे एकमेकांवर तुटून पडू लागली. भागाईला तर श्वास घ्यायलाही जागा नाही असे वाटे.

मैनेला दिवस गेले होते. एकदा ती म्हणाली, "गे आये, हयसर ऱ्हवलंय तर पोटातला पोर मरतला."

जमिनी पुन्हा सुट्या कर म्हणून भागाई धरित्रीपुढे पदर पसरून बसली. धरित्री म्हणाली, "फोडीन. पण तुला दिलेले आधी परत दे."

दिलेले म्हणजे लेकीची जवळीक. भागाई खूप रडली. मग मैनेला घेऊन जिथे दोन जमिनी जुळल्या होत्या त्या सांध्यावर गेली आणि तिला पलीकडे उभी केली. मिठी मारली तर हात सुटायचे नाहीत, हे तिला ठाऊक होते. तिने अलीकडूनच लेकीची ओटी भरली. कातळ फाटत गेला, समुद्र आत शिरला, त्याच्यामागून ढग आले. मैनेची भुई तिला घेऊन निघाली. फाटीचे शेवटचे टोक तेवढे अलीकडच्या कातळात राहिले, तीच ही भेग. पाऊस असा कोसळत होता, की जाणारी लेक भागाईला धड दिसलीही नाही.

आजही आंबेरखोलात सासरी निघालेल्या लेकीला भेगेपलीकडे उभी करतात आणि आई अलीकडून हात लांब करून ओटी भरते. मिठी मारायची नाही, लवकर ये म्हणायचे नाही, लेक जवळ राहू दे असा नवस तर या गावात कुणी चुकूनही करत नाही. "असशील थय पाणी मिळांदे," एवढे म्हणून आई आधी वळते. लेक मात्र बराच वेळ तिथेच उभी असते.