हळदी वाघीण आणि तांब्याचा पट्टा

एका राज्यात वाघ उंबऱ्याशी निजत, अस्वलं विहिरीचं पाणी ओढत आणि लांडगे तान्ह्या लेकरांचे पाळणे हलवीत. परक्या मुलखातला माणूस हे पाहून थरथर कापे, पण तिथल्या लोकांना त्याचं काहीच नवल नव्हतं. राजा रणधवल याच्या आजोबांनी कृष्णांजन मांत्रिकाकडून तांब्याचे शंभर पट्टे मागून आणले होते. पट्टा गळ्यात पडला की रानातलं कसलंही जनावर गाईसारखं गरीब होई. जनावर म्हातारं होऊन मेलं की पट्टा काढून ठेवीत, रानातून नवं धरून आणीत आणि तोच पट्टा त्याच्या गळ्यात अडकवीत.

राजवाड्याच्या पशुशाळेची राखण तुंगा नावाची एक विधवा बाई करी. तिला मूलबाळ नव्हतं. पाच वर्षांमागे शिकाऱ्यांनी डोळेही न उघडलेलं वाघिणीचं एक पिल्लू तिच्या ओटीत आणून टाकलं. तुंगेने त्याला शेळीच्या दुधात भिजवलेली चिंधी चोखायला दिली, पोटाशी घेऊन निजवलं, आणि अंगाच्या रंगावरून त्याचं नाव ठेवलं हळदी. त्या पिल्लाच्या गळ्यात शंभरांतला सगळ्यांत थोरला पट्टा पडला. आता हळदी पुरती वाढली होती. तुंगा धुणं धुवायला गेली तरी ती मागे मागे जाई, आणि तुंगा जेवायला बसली की तिच्या मांडीवर आपलं भलंमोठं डोकं ठेवी.

चैत्रातल्या एका सकाळी तुंगा कळशी घेऊन विहिरीवर निघाली आणि देवळात पोचली. वाट चुकली असेल म्हणून मागे फिरली, तर राजाच्या मुदपाकखान्यात आली. तिथे चुलीपाशी खुद्द राजा रणधवल मुकुट घालून उभा होता.

"तुंगे," राजा म्हणाला, "दरबार कुठे गेला?"

"महाराज, विहीर कुठे गेली ते मलाही कळेना."

मग बाहेर एकच गलका उठला. प्रधान गोठ्यात शिरला होता. सोनार कुंभाराच्या ओसरीवर बसून हीच आपली पेढी म्हणून भांडत होता. बायका आपल्याच घराच्या दाराशी उभ्या राहून आपलं घर विचारीत होत्या. कुणाला वाटलं आपल्याला वेड लागलं, कुणाला वाटलं बाकीच्यांना.

इतक्यात राणी मेघवती केस मोकळे टाकून धावत आली. सहा महिन्यांच्या राजकन्येला दाईने पाळण्यात निजवलं होतं, आणि आता तो महालच कुणाला सापडत नव्हता. भिंतीपलीकडून रडणं ऐकू येई. दार उघडावं तर आत कोठी. दुसरं उघडावं तर शस्त्रागार. रडणं होतं तिथेच असे, आणि माणसं भलतीकडेच पोचत.

"पाळण्यापाशी कोण आहे?" राजाने विचारलं.

"लांडगा," दाई रडत म्हणाली. "पाळणा हलवणारा लांडगा. दुसरं कुणी नाही."

अंगणातल्या उंबरावर धनेश पक्षी बसला होता. तो बोलला, "राजा, हा चकवा आहे. शंभर जनावरांच्या रानातल्या वाटा तुमच्या पट्ट्यांनी गिळल्या. जनावरामागून जनावर आलं आणि त्यांच्या वाटाही पट्ट्यांत गेल्या. आता ते माणसांच्या वाटा गिळू लागले."

"उपाय सांग," राजा म्हणाला.

"थोरला पट्टा सुटला तर सगळे सुटतील. पण तो नुसत्या हातांनी सुटत नाही. कसा सोडवायचा ते कृष्णांजनालाच ठाऊक. मी पुढे उडतो. तुंगेने माझ्या पंखांचा आवाज धरून यावं आणि वाघिणीला संगती घ्यावं. डोळ्यांवर विसंबू नये."

राजाने तुंगेकडे पाहिलं. "पट्टा सुटल्यावर वाघीण तुला ओळखेल?"

"ओळखेल, महाराज," तुंगा म्हणाली. "मी वाढवली आहे तिला." हे बोलताना तिच्या मनात शंकेचा लवलेशही नव्हता.

तिने पिशवीत सुकं मांस भरलं, कमरेला वेताची छडी खोवली आणि हळदीला हाक मारली. धनेशाच्या पंखांची घरघर ऐकत ती चालू लागली. डोळ्यांना दिसे डावीकडे ओढा, आवाज जाई उजवीकडे. तुंगा डोळे मिटून घेई आणि आवाजामागे जाई. हळदीलाही वाट उमगत नव्हती. ती तुंगेच्या पदराला नाक लावून चालली होती.

दुपारी डोंगर आला. कृष्णांजन मांत्रिक आपल्या गुहेबाहेर उन्हात बसला होता, कारण त्यालाही गुहेचं तोंड सापडत नव्हतं.

"मांत्रिकबाबा," तुंगा हात जोडून म्हणाली, "पट्टा सोडवा."

"मी बांधला, पण मला सोडवता येत नाही," मांत्रिक म्हणाला. "त्याला तीन गाठी आहेत. भुकेची, भयाची आणि मायेची. जिच्या हातून जनावर वाढलं तिच्याच हातून त्या सुटायच्या. आज तिला खायला घालू नकोस. ती आपलं आपण खाईल तेव्हा पहिली गाठ सुटेल."

तुंगेला हे सोपं वाटलं. वाघिणीला शिकार कोण शिकवतो? ती हळदीला घेऊन माळावर गेली. हरणं चरत होती. हळदीने हरणांकडे पाहिलं, मग तुंगेकडे पाहिलं, आणि मांस येण्याची वाट बघत खाली बसली.

ऊन कललं. हळदी पिशवी हुंगू लागली. तुंगा म्हणाली, "ती बघ, तिकडे बघ." हळदीने तिचा हात चाटला. भुकेने तिच्या तोंडातून एक केविलवाणा सूर निघाला, पिल्लू असताना निघे तसाच. तुंगेचा हात आपोआप पिशवीत गेला. तेवढ्यात धनेश राजवाड्याकडून फेरी मारून आला आणि म्हणाला, "रडणं बारीक झालं आहे." तुंगेने पिशवी उचलली आणि ओढ्याच्या पाण्यात भिरकावून दिली.

हळदीने वाहत्या पिशवीकडे पाहिलं. तिला काही समजेना. हिने मांस आणलं आणि हिनेच का टाकलं? ती एका रानडुकराच्या पिल्लामागे धावली आणि दगडावर आपटली. सशावर झेपावली, तो कधीच निसटला. शेवटी दिवस बुडता बुडता तिने एक रानकोंबडी धरली, आणि धरल्यावर तिचं काय करायचं ते तिला कळेना. ती कोंबडी तोंडात घेऊन तुंगेपाशी आली आणि तिच्या पायांपाशी ठेवून बसली.

तुंगेने पाठ फिरवली. तिला रडू येत होतं. बऱ्याच वेळाने मागून हाडं मोडल्याचा आवाज आला, आणि तांब्याच्या पट्ट्यावरची पहिली गाठ विरघळून गेली.

दुसऱ्या सकाळी मांत्रिक म्हणाला, "आता भयाची गाठ."

"ती मला भीत नाही," तुंगा म्हणाली. "मी तिला लेकीसारखी वाढवली."

"मग कमरेला ही छडी कशाला?"

तुंगेने छडीकडे पाहिलं. छडी कमरेला असते एवढंच तिला ठाऊक होतं. मग हळूहळू आठवलं. पिल्लू असताना हळदीने राणीचे पैंजण चावले होते, तेव्हा तुंगेने तिला दोन रट्टे दिले होते. त्यानंतर मारलं नव्हतं. नुसता छडीला हात लावला तरी पुरत असे.

"छडी मोड," मांत्रिक म्हणाला. "गवतात पालथी नीज आणि वळून पाहू नकोस."

तुंगेने छडी मोडली आणि ती गवतात पालथी पडली. आधी काहीच झालं नाही. मग पावलं वाजली. हळदीचा ऊन श्वास तिच्या मानेवर आला. पाच वर्षं हाच श्वास अंगावर घेऊन ती झोपली होती. आज मात्र तिच्या पाठीतून काटा सरकत गेला. हुंगणं चाललं होतं. मानेपाशी, खांद्यापाशी, पुन्हा मानेपाशी. ही माझी हळदी, असं ती मनात घोकत होती, आणि घोकता घोकता तिला कळत नव्हतं की आपण कुणाला समजावतो आहोत.

पावलं दूर गेली. तिने मान उचलली. हळदी वीस हातांवर, दुसऱ्या झाडाखाली, एकटी बसली होती. अशी दूर ती कधी बसली नव्हती. दुसरी गाठ सुटली होती.

"तिचं भय सुटलं," तुंगा म्हणाली, "पण मला आता तिचं भय वाटतं."

"वाटायला हवंच होतं," मांत्रिक म्हणाला. "आता तिसरी. आपल्या हातांनी पट्टा काढ. आणि काही झालं तरी तिला नावाने हाक मारू नकोस. हाक मारलीस तर पट्टा पुन्हा मिटेल."

"ती मला आई समजते, बाबा."

"ती समजते, की पट्टा तिला समजायला लावतो?"

"ते तुम्ही सांगा. पट्टे तुमचे."

मांत्रिकाने आपल्या हातांकडे पाहिलं. "मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "राजाच्या आजोबांनी मागितले आणि मी केले. जनावरांच्या मनात काय शिल्लक राहतं ते मी कधी पाहिलं नाही."

तेवढ्यात धनेश आला. "तुंगे, लवकर कर. रडणं थांबलं आहे."

तुंगा उठली, आणि एकाएकी तिच्या लक्षात आलं. हा पट्टा सुटला की शंभरही सुटणार. पाळण्यापाशी लांडगा होता. पट्टा काढावा तर राजकन्येशेजारी मोकळा लांडगा. न काढावा तर लेकरू भुकेने जाणार. तिने धनेशाकडे पाहिलं, मांत्रिकाकडे पाहिलं.

"वाट सापडली तर राणी किती वेळात पोचेल?" तिने विचारलं.

"तीन दारं ओलांडायची," धनेश म्हणाला.

"आणि लांडगा?"

"लांडगा तिथेच आहे."

तुंगेने डोळे मिटले. राणी जिथे असेल तिथे आताच्या आता, रडणं ऐकू येई त्या भिंतीला कान लावून उभी असू दे, एवढंच ती मनात म्हणाली. मग ती हळदीपाशी गेली. हळदीने मान पुढे केली, रोज करी तशी. तुंगेने तिसरी गाठ सोडली आणि पट्टा ओढून काढला.

हळदी स्तब्ध उभी राहिली. तिने कान टवकारले, हवा हुंगली, एकवार सबंध अंग झाडलं. मग तिने तुंगेकडे पाहिलं. त्या पिवळ्या डोळ्यांत तुंगा ओळखीची खूण शोधू लागली. तिचा हात नकळत हळदीच्या कपाळाकडे गेला, आणि पंजा आला. तुंगा कोलमडली. खांद्यापासून कोपरापर्यंत रक्त आलं. तिच्या तोंडाशी नाव आलं होतं. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला.

हळदीने रक्ताचा वास घेतला. ती एक पाऊल पुढे आली आणि थांबली. का थांबली, ते कुणास ठाऊक. मग ती वळली आणि गवतातून चालत गेली. पळाली नाही, मागेही पाहिलं नाही. गवत हलत होतं तोवर तुंगा बघत राहिली.

त्याच क्षणी राज्यातले सगळे पट्टे उघडून पडले आणि तांब्याचा खणखणाट झाला. अस्वलांनी बादल्या टाकल्या. वाघ उंबऱ्यावरून उठले. लोकांनी दारं लावून घेतली, आणि या वेळी प्रत्येकाने आपलंच दार लावलं. जनावरं भर दुपारी राजरस्त्यावरून निघाली आणि कुणाला न शिवता रानात गेली.

राणी मेघवती भिंतीला कान लावूनच उभी होती. तिला वाट दिसली. तीन दारं ओलांडून ती महालात शिरली. राजकन्या पाळण्यात होती, ओठ सुकलेले, पण जिवंत. खिडकी उघडी होती. पट्टा जमिनीवर पडला होता. लेकराचं दुपटं पाळण्यापासून खिडकीपर्यंत ओढत नेलेलं होतं आणि त्यावर दातांच्या खुणा होत्या. लांडगा राजकन्येला उचलून न्यायला निघाला होता, की जाताना नुसता वास धरून रेंगाळला होता? राजवैद्याने, प्रधानाने, दाईने ते दुपटं उलटसुलट करून पाहिलं. कुणालाच ठरवता आलं नाही. राणीने लेकराला छातीशी धरलं आणि दुपटं जाळून टाकायला सांगितलं.

तुंगा परतली तेव्हा दरबार दरबारात भरला होता. राजा रणधवल म्हणाला, "तुंगाबाई, तू वाघीण घरात वाढवलीस. आम्ही कायदा करणार आहोत, म्हणून विचारतो. रानातलं जनावर घरी पाळता येतं का?"

तुंगेने बांधलेला खांदा सावरला. "महाराज, मी तिला दूध पाजलं ते खरं. ती माझ्या मांडीवर निजली तेही खरं. आणि हा घावही खरा. पट्ट्याने काय केलं आणि मी काय केलं, ते मला वेगळं काढता येत नाही. पण पहिल्या दिवशी ती भुकेली असून हरणांसमोर बसून राहिली, ते मी पाहिलं. वाघिणीला तसं करून ठेवणं बरं नव्हे, एवढं मला कळलं."

राजाने शंभर पट्टे वितळवले आणि त्यांच्या पाणी भरायच्या घागरी करून घरोघरी दिल्या. रानातलं पिल्लू कुणी आणू नये, आणलं तर जिथून उचललं तिथे नेऊन ठेवावं, असा हुकूम झाला. कृष्णांजनाला गुहेचं तोंड सापडलं आणि त्याने पुन्हा पट्टे घडवले नाहीत. पशुशाळेत गाई आल्या. तुंगा त्यांची राखण करू लागली. गाई तिला ओळखत, आणि त्यात तिला काही कोडं पडत नसे.

वर्षानंतर एकदा ती गाई घेऊन रानाच्या कडेच्या ओढ्यावर गेली असता पलीकडच्या काठावर एक वाघीण पाणी प्यायला आली. गाई दचकून गोळा झाल्या. तुंगा काठी धरून त्यांच्यापुढे उभी राहिली. वाघिणीने मान वर करून पाहिलं, तुंगेकडे की गाईंकडे ते कळलं नाही. अंगाचा रंग हळदीचाच होता, पण उन्हात सगळ्याच वाघिणी तशा दिसतात. तुंगेच्या ओठांवर नाव आलं. तिने ते उच्चारलं नाही.

वाघीण पोटभर पाणी प्यायली आणि झाडीत गेली. तुंगेने गाई वळवल्या आणि ती घराच्या वाटेला लागली.