जांभळ्या बाह्या

एका डोंगराआडच्या गावात एक शाळा होती. तिथे चिडवाचिडवी फार वाढली, तेव्हा गुरुजींनी ठरवलं, सोमवारी सगळ्या मुलांनी जांभळे कपडे घालून यायचं. जांभळा घातला म्हणजे शब्द दिला, मी कुणाला चिडवणार नाही.

रविवारी गावातल्या आया लगबगीने रंगारणीकडे निघाल्या. बकुळाची आईही लेकीचा पांढरा फ्रॉक घेऊन गेली.

रंगारीण हंड्यात काठी फिरवत होती. तिची मुलगी तानी दाराला टेकून बसली होती, पार सुकलेली.

"बरं नाही का हिला?" आईने विचारलं.

"आठ दिवस शाळेतच गेली नाही बघा. बोलताना अडखळते ना, तर एक पोर तिची नक्कल करते आणि बाकीच्या खिदळतात. धड जेवतसुद्धा नाही."

आईचं रक्त उसळलं. "कोण गं ती भवानी? तू नाव सांग मला, बाळ. तिच्या आईलाच जाऊन विचारते, पोरीला हेच शिकवलंस का म्हणून!"

तानीने नुसतं फ्रॉककडे पाहिलं. खिशावर आईने हौसेने पोपट भरला होता.

"हा पो... पोपट... तिचाच."

आईने पटकन पोपटावर हात ठेवला.

रंगारीणच ओशाळली. "जाऊ द्या हो ताई, लेकरंच ती. द्या इकडे, बुडवते. कुणाला कळायचं नाही."

क्षणभर आईला वाटलं, द्यावा. मग तिने फ्रॉक छातीशी धरला नि तशीच घरी आली.

"तानीला तू चिडवतेस?"

"मी एकटी नाही काही! सगळ्याच हसतात. मी नुसती सुरुवात करते."

आईने लेकीकडे पाहिलं. आपल्या पोटची पोर तिला अनोळखी वाटली.

"उद्या पांढराच घालायचा," ती म्हणाली. "गुरुजींनी विचारलं तर खरं सांगायचं."

"आई, सगळे हसतील गं मला!"

"हसतील." आईने फ्रॉक खुंटीला अडकवला. "मी दारात उभी राहीन."

सोमवारी वर्ग जांभळा झाला. गुरुजी खुशीत होते. तेवढ्यात त्यांना पांढरा फ्रॉक दिसला. "आणि तू गं?"

बकुळा रडतच उठली. "मी तानीची नक्कल करते. म्हणून ती येत नाही."

गुरुजी चपापले. तानी येत नाही हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. "आणखी कोण हसलं तिला?"

एक जांभळी बाही वर गेली. मग दुसरी. बघता बघता सगळा वर्ग हात वर करून बसला. दारातली आई एकेक हात बघत होती. शेवटी गुरुजींनीही आपला हात वर केला.

"मी तिला वाचायला उठवणंच सोडलं होतं," ते म्हणाले. "वेळ जातो म्हणून."

शाळा सुटल्यावर बकुळा तानीच्या घरी माफी मागायला गेली. तानी बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी आली, ऐकून घेतलं आणि आत गेली.

गुरुवारी मात्र ती शाळेत आली. गुरुजींनी तिला वाचायला उठवलं. एका ओळीला बराच वेळ लागला. वर्गात कुणी हललंसुद्धा नाही.

तात्पर्य एवढंच: आपल्या लेकराला कुणी छळतं का, हे सगळ्याच आया विचारतात. आपलं लेकरू कुणाला छळतं का, हेही विचारावं, आणि उत्तर ऐकायची छाती ठेवावी.