पाठ करून बसणारे आचार्य

ही गोष्ट कुणाला सांगू नकोस, असं आत्याने मला बजावलं आहे. ती विद्यापीठात संशोधन करते आणि सोमवारी तिला कॉलेजात पहिल्यांदा तास घ्यायचा आहे. तिच्या मॅडमनी तिला ही गोष्ट सांगितली. ऐकल्यापासून ती घाबरली आहे, आणि ते घरात कळू नये असं तिला वाटतं. पण गोष्टीत आत्याचं नाव कुठेच नाही, म्हणून सांगते.

फार पूर्वी एका डोंगरावर एक विद्यापीठ होतं. अंगणात आभाळाला टेकेल असा दगडी स्तंभ होता. तिथे एक शिष्या गणितात सगळ्यांच्या पुढे होती. तिला तिथेच शिकवायचं होतं. त्यासाठी नव्या मुलांचा एक तास घ्यायचा आणि वृद्ध आचार्यांनी तो बघायचा, अशी रीत होती. संधी एकदाच मिळे. तास जमला तर गुरूचं आसन, नाहीतर विद्या घेऊन घरी.

सकाळी मुलं अंगणात जमली. आचार्य आले आणि शिष्येकडे पाठ करून, मुलांकडे तोंड करून बसले.

शिष्येला ते लागलं. तरी तिने सुरुवात केली. स्तंभावर न चढता सावलीवरून त्याची उंची कशी काढायची, हे तिने एका रीतीने सांगितलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. आवाज चढवला. आचार्यांची पाठ हलली नाही.

"समजलं ना?" तिने विचारलं.

"हो," सगळी मुलं एका सुरात म्हणाली.

शेवटी तिला राहवेना. "आचार्य, एकदा तरी माझ्याकडे बघा."

"तुला किती येतं ते मला ठाऊक आहे गं," आचार्य म्हणाले. "तास इकडे चाललाय. ये, इथून बघ."

ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. एक मुलगा तिचीच वाक्यं पुटपुटत पाठ करत होता. दुसरा शेजारचा मान हलवेल तशी मान हलवत होता. कडेची एक लहान मुलगी बोटाने जमिनीवर सावली गिरवता गिरवता थांबली होती.

शिष्या तिच्याजवळ खाली बसली. "कुठे अडलीस?"

मुलगी लाजली. "सावली तर सारखी हलते. हलणाऱ्या वस्तूने मोजायचं कसं?"

शिष्येच्या ओठांवर उत्तर आलं होतं. तिने ते गिळलं आणि मुलीच्या हातात एक काठी दिली. "ही उभी रोव. हिची सावली हिच्याएवढी झाली की मला हाक मार."

ऊन वर चढू लागलं तशी लांब सावली आखडत आली. मुलं भोवती जमली. शिष्या गप्प होती, आणि गप्प राहणं तिला फार जड जात होतं.

"झाली," मुलगी हळूच म्हणाली. मग तिने काठीकडे पाहिलं, स्तंभाकडे पाहिलं आणि तिचे डोळे मोठे झाले. "म्हणजे आत्ता त्याची सावलीही त्याच्याएवढीच." ती धावत सुटली आणि स्तंभाच्या सावलीच्या टोकावर जाऊन उभी राहिली. "स्तंभ इथपर्यंत उंच आहे."

शिष्या बघतच राहिली. हे गणित तिला कितीतरी वर्षं येत होतं, पण ते कुणाच्या चेहऱ्यावर उजाडताना तिने कधी पाहिलं नव्हतं.

तिने वळून पाहिलं. आचार्य आता तिच्याकडे तोंड करून बसले होते.

"आता बघण्यासारखं आहे," ते म्हणाले, आणि आसनावरून उठले. "बस."

तात्पर्य: आपल्याला येणं ही अर्धी विद्या, समोरच्याला ते येताना बघणं ही उरलेली अर्धी.

आत्या हाक मारते आहे. तिला तास घेऊन बघायचा आहे, मी समोर बसायचं. काल ती सगळा वेळ भिंतीकडे बघून बोलली, पण आज म्हणते, तुला नाही कळलं तर तिथेच मला थांबव.