खुडूक कोंबडीचे एकवीस दिवस

एकदा एका गावाच्या कडेच्या आळीत एक वृद्धा राहत असे. तिने कुणाला मंत्र दिला नव्हता, की आश्रम काढला नव्हता. परसात खुराडे आणि त्यात पंधरा-वीस गावठी कोंबड्या, एवढाच तिचा मठ. पण कोंबडी आजारी पडली, नाहीतर घरात कुणाचे बिनसले, की आळीतल्या बायका तिच्याच परसात येऊन बसत. त्यांतली शेजारच्या घरातली तरुण सून ही तिची खास शिष्या. कोंबड्या पाळायला ती म्हातारीकडूनच शिकली होती.

आळीची एक जुनी रीत होती. श्रावणात घरोघरी अंडे वर्ज्य, म्हणून श्रावणातली अंडी विकायची नाहीत. ज्या घरची कोंबडी खुडूक होईल, म्हणजे अंडी घालणे थांबवून उबवायला बसू पाहील, तिच्याखाली सगळ्यांनी आपापली अंडी ठेवायची आणि पिल्ले वाटून घ्यायची. जी सून पंचमीला माहेरी जाईल तिच्या कोंबड्या शेजारणींनी सांभाळायच्या, त्या दिवसांतली अंडी सांभाळणारीची.

मग तिथे एक व्यापारी आला. "श्रावण तुमच्याकडे," तो हसून म्हणाला, "शहरात कसला आलाय श्रावण? रोज अंडी द्या, एक दिवस खाडा नको. आणि कोंबडी खुडूक झाली तर ती आळसावली समजा. पाण्यात बुचकळा, दोन दिवसांत ताळ्यावर येते." आळीला ते पटले. मला या गोष्टीचा फार राग येतो. बाहेरचा कुणी हातात ट्रे घेऊन उभा राहिला की आपली पिढ्यांची माहिती आपल्यालाच अडाणीपणाची वाटू लागते.

दोन वर्षे अशी गेली. तिसऱ्या वर्षी पंचमीच्या आदल्या दिवशी बायका म्हातारीच्या परसात बसल्या होत्या. कुणाचा भाऊ न्यायला येणार, कुणाच्या माहेरी झोका बांधलाय, अशा गप्पा चालल्या होत्या.

"तू कधी निघतेस गं?" एकीने त्या सुनेला विचारले.

"मी नाही जात. खाडा झाला तर तो दुसऱ्या आळीतून अंडी घेईल."

"गेल्या साली पण नाही गेलीस. त्याच्या आधी पण नाही."

"आई म्हणते, सवडीने ये. तिला आता फार दिसत नाही." एवढे बोलून ती उठली आणि कुंपण ओलांडून आपल्या परसात गेली. तिची तांबडी कोंबडी कालपासून खुडूक बसली होती. तिने तिला उचलले आणि पाण्याच्या बादलीकडे नेले.

म्हातारी मागोमाग आली. तिने तांबडी शिष्येच्या हातातून काढून घेतली. पाटीत भाताचा पेंढा पसरला, व्यापाऱ्यासाठी भरून ठेवलेल्या ट्रेमधली आठ अंडी त्यात मांडली आणि वर कोंबडी बसवली.

"आजी, काय करताय हे? ती त्याची अंडी आहेत!"

"त्याची? त्यानं घातली?"

तेवढ्यात व्यापाऱ्याची फटफटी दारात थांबली. झाला प्रकार बघून तो चिडला. "उठवा ती कोंबडी."

"तूच उठव की," म्हातारी म्हणाली.

त्याने हात घातला. तांबडीने सगळी पिसे फुलवून असा टोचा मारला की तो हात झटकत मागे सरला. बायका खो खो हसल्या. तो मात्र त्या सुनेकडे वळला. "बाई, आज ट्रे भरला नाही तर उद्यापासून मी तुमच्या दारात येणार नाही. ठरवा."

ती घाबरून म्हातारीकडे बघू लागली. तिच्या हाती पडणारा स्वतःचा असा पैसा तेवढाच होता.

म्हातारी म्हणाली, "पोरी, ही तांबडी एरवी देतच असते. मुंगसाच्या, मांजराच्या तावडीतून जीव वाचवून देते. मग एक दिवस म्हणते, आता नाही. आता मी बसणार. याला तो आळस वाटतो, कारण ते एकवीस दिवस त्याचा ट्रे रिकामा राहतो. पण तुझ्या खुराड्यातली एकेक कोंबडी असल्याच एकवीस दिवसांतून निघालीय. अंडी विकायला माझी ना नाही. पण कोंबडीनं कधी बसायचं आणि लेकीनं माहेरी कधी जायचं, हे त्याच्या ट्रेनं ठरवायचं नाही. तांबडीनं तिचं उत्तर दिलं. तुझं तू बघ."

सुनेने ट्रेमधली उरलेली अंडी ओच्यात घेतली आणि रिकामा ट्रे व्यापाऱ्याच्या हातात दिला.

"उद्या मी नाही. पंचमी आहे."

"मग परवा?"

"परवा पण नाही. आई सोडेल तेव्हा येईन. तोवरची अंडी शेजारणींची. त्यांना विचारा."

"आता आम्ही पण श्रावणातली विकत नाही," कुंपणापलीकडून शेजारीण ठसक्यात म्हणाली, आणि पाटीत ठेवायला आपले एक अंडे आणायला घरात पळाली.

व्यापारी गेला तो गेलाच. त्या महिन्यात तिला पैशांची चणचण भासली, हे मी लपवणार नाही. पण ती आठ दिवस माहेरी राहिली. आईने तिचा चेहरा हातांनी चाचपून पाहिला आणि म्हणाली, "वाळलीस गं." एवढे ऐकायला तिला तीन वर्षे लागली होती.

परत आली तेव्हा तांबडी पाटीत तशीच बसून होती. म्हातारी शेजारी उभी होती. ज्या बादलीत ती कोंबडीला बुचकळणार होती, तिच्यातलेच पाणी तिने वाटीत काढले आणि तांबडीच्या चोचीसमोर ठेवले.

आपल्या घरात "आता नाही" म्हणून कोण बसले आहे, आणि त्याच्यासाठी बादली भरून कोण उभे आहे, ते ज्याने त्याने पाहावे.