आधी ब्रेक, मग घाट

गाड्याही तोंडावर बोलून दाखवायच्या, त्या काळात घाटमाथ्यावरच्या एका गावात एक म्हातारी जीप होती. धनी सर्जेरावांनी दसऱ्यासाठी तिला रंग दिला, झेंडूच्या माळा घातल्या, चाकाखाली लिंबू ठेवलं. झिजलेले ॲक्सल आणि निकामी ब्रेक मात्र तसेच राहिले. मिरवणूक घाट उतरून खालच्या गावात जाणार होती. मागं पोरं दाटीवाटीनं बसली.

सर्जेरावांनी चावी फिरवली. इंजिन धडधडलं, पण जीपनं गिअर पडू दिला नाही.

"चल की म्हातारे," तिच्याच बॉनेटवरचा भोंगा खेकसला. "मग नटलीस कशाला?"

"मी नटले नाही, मला नटवलंय. आधी ब्रेक, मग घाट."

"लोक हसतील."

"हसू देत. पोरं माझ्या पाठीवर आहेत, तुझ्या नाहीत."

सर्जेरावांनी ढकलून पाहिलं. ती जागची हलली नाही. शेवटी त्यांनी चरफडत पोरांना उतरवलं आणि मिस्त्रीला बोलावलं. त्यानं चारी चाकं काढली. शेजारून मिरवणूक वाजतगाजत पुढं गेली. लोक खरंच हसले.

"झाली ना शोभा?" भोंगा म्हणाला.

"झाली तर झाली." जीप ठोकळ्यांवर ताठ उभी होती. "मिस्त्री, आता मागचा ॲक्सलही काढ. तोच पुसून परत बसवलास, तर उद्याही मी हलणार नाही."