झुंबरगिरीचा झोका

दोष हैबतराव पाटलाचा होता आणि पारावर बसून त्याच्या मागं माना हलवणाऱ्या म्हाताऱ्यांचा होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. निमसरीत ही गोष्ट आजही म्हातारेच सांगतात आणि सांगताना नेमकं एवढंच गाळतात. नदीला पूर होता म्हणतात, दोर ओला होता म्हणतात, ग्रह वाकडे होते म्हणतात. ग्रहांनी कुणाच्या सुनेला अडवून ठेवलं नव्हतं.

तर ऐका. आपल्या आज्याच्या आज्याला दातही यायचे होते, तेव्हाची ही गोष्ट. निमसरीच्या वेशीबाहेर, मोठ्या चिंचेखाली, महादेवाचा मठ होता आणि मठात झुंबरगिरी गोसावी राहायचा. अंगभर राख, सुटलेलं पोट, आणि हसायला लागला की पोटावरची राख झडून खाली पडायची. तो कुठला, कुणाचा, कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं तर म्हणायचा, "महादेवानं मला हितं उभं केलं अन् म्हणाला, थांब, आलोच. अजून वाट बघतोय."

पिंडीवर पाणी घालताना तो देवाला विचारायचा, "गार लागलं का रे? सोस. सगळं गाव गारच पाण्यानं न्हातंय." पोरं मठात आली की त्यांना राखेच्या मिशा काढून द्यायचा. कुणाचा बैल गाळात रुतला की हा कमरेइतक्या गाळात उतरून बैलाच्या कानात काहीतरी सांगायचा आणि बैल फुरफुरत बाहेर यायचा. कुणाचं लेकरू तापानं फणफणलं की उशाशी बसून अशी तोंडं करायचा, की लेकरू तर हसायचंच, पण अंगातला तापही हसत हसत निघून जायचा, असं म्हणतात.

म्हाताऱ्यांना तो खपायचा नाही. कपाळाला आठी असल्याशिवाय भक्ती होत नाही, अशी त्यांची समजूत. स्वतः तर आयुष्यभर आठीच वाढवली, दुसरं काही केलं नाही.

श्रावणात नागपंचमी जवळ आली की सासुरवाशिणींना न्यायला माहेरून मुराळी यायचा, भाऊ नाहीतर चुलतभाऊ. निमसरीचा कायदा असा, की मुराळी आल्याशिवाय सुनेनं वेस ओलांडायची नाही. ज्यांना न्यायला कुणीच यायचं नाही, त्या उंबऱ्यात उभ्या राहून रस्त्याकडं बघायच्या. त्यांच्यासाठी झुंबरगिरी दरसाल अंबाडीचा दोर वळायचा, चिंचेला झोका बांधायचा आणि दोर स्वतः ओढायचा. म्हणतात, त्याच्या झोक्यावर बसलं की माहेर दिसायचं. एकीला तिच्या गाईचं नवं वासरू दिसलं. एकीला आईनं चुलीवर उकडायला ठेवलेल्या दिंडांचा वास आला. बाया खाली उतरायच्या तेव्हा त्यांच्या केसांत माहेरचा वारा असायचा.

पाटलाची धाकटी सून केवळा. तिचं माहेर नदीपलीकडं, खैरगावात. बाप गेलेला, भाऊ नाही, आई एकटी. त्या श्रावणात सांगावा आला, की आईनं अंथरूण धरलंय आणि लेकीच्या नावात तिचा जीव अडकलाय. केवळानं मांडीवरचं लेकरू खाली ठेवलं आणि भर पारावर जाऊन सासऱ्याचे पाय धरले.

"न्यायला कोण आलंय?" पाटलानं विचारलं.

"मला भाऊ न्हाई, मामंजी."

"मग जायचं कशाला?"

म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. तेव्हा झुंबरगिरी पुढं झाला. "मी होतो की मुराळी. गोसाव्याला फुकटात बहीण मिळतीय, कोण सोडंल?"

"ज्यानं घर सोडलं त्यानं नाती लावू नयेत," पाटील म्हणाला.

"घर लहान होतं, पाटील. पोट मावंना म्हणून सोडलं. नात्याला कुठं एवढी जागा लागती?"

पोरं हसली. पाटील हसला नाही. पाटील कधीच हसत नसे.

पंचमीच्या दिवशी दुपारी बाया झोक्यावर बसून गेल्या, आणि सगळ्यांच्या मागून केवळा आली. फळीवर बसली. झुंबरगिरीनं दोर हातात घेतला.

"कुठवर नेऊ, माय?"

"नुसतं बघून भागणार न्हाई, बाबा. आई चाललीय."

झुंबरगिरीनं दोर मुठीत आवळला. मग मठाकडं तोंड करून म्हणाला, "देवा, आज तुझी चेष्टा करीत न्हाई. दोर जरा लांबव. उरलेली चेष्टा उद्या करीन."

आणि त्यानं दोर ओढला. पहिल्या झोक्याला केवळा चिंचेच्या शेंड्यावर गेली. पुढच्या झोक्याला दोर चिंचेहून लांब झाला, मग मठाहून, मग वेशीहून. खाली हिरवा जोंधळा पाण्यासारखा हलत होता. ढग इतके जवळ आले, की तिचा पदर भिजला. तिच्या बांगड्या वाजत होत्या आणि तो आवाज दोन्ही गावांत ऐकू येत होता, असं म्हणतात. मग झोका पुराच्या पाण्यावरून पार गेला आणि खैरगावात तिच्या आईच्या अंगणात, तुळशीशेजारी, पाखरू बसावं तसा टेकला. इकडं दोराचं टोक झुंबरगिरीच्या दोन्ही मुठींत होतं, आणि मधे अख्खी नदी.

पाटील धावत आला. मागं सगळा पार.

"सून कुठाय?"

"पंचमीला गेलीय. यील."

"दिवेलागणीच्या आत आली तर आली. न्हाईतर दार बंद. लेकरू आमचं, तिनं तिकडंच ऱ्हावं." मग तो गड्यांवर ओरडला, "कापा तो दोर!"

पण गडी जागचे हलले नाहीत. पंचमी होती. पंचमीला कुणी काही कापत नाही, भाजी चिरत नाही, गवताची काडी तोडत नाही. म्हाताऱ्यांनी पाटलाच्या कानाशी लागून मसलत केली आणि ठरवलं, की दिवस बुडाला की पंचमी संपली, मग कापा. विळे घेऊन बसले. भाजी चिरायला या माणसांना पाप वाटत होतं. लेकुरवाळ्या बाईचा घरी यायचा दोर कापायला ते फक्त अंधाराची वाट बघत होते. वर पाटलानं बजावलं, गोसाव्याच्या दोराला जो हात लावील त्याचं पाणी बंद. एकाही बाप्यानं हात लावला नाही. ज्यांचे बैल त्यानं गाळातून काढले होते, तेही तिथंच उभे होते.

नदी दोर खेचत होती. पुरातून येणारी झाडं त्याला अडकत होती, सुटत होती. झुंबरगिरीच्या तळव्यांची साल गेली, मग मांस दिसलं.

"सोड रे गोसाव्या," एक म्हातारा म्हणाला. "हात जातील."

"जाऊ द्या की. तुमचे हाईत न्हवं शाबूत? पाटलाच्या तंबाखूला चुना लावायला लागत्यात."

तिकडं केवळानं आईचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तिला पाणी पाजलं, केसांचा गुंता सोडवला, कपाळावरून हात फिरवला. आईनं डोळे उघडले. "कोण आलतं गं न्यायला?"

"भाऊ आलाय, आई."

"त्याला जेवायला वाढलंस?"

"त्यो बाहेर थांबलाय. दोर धरून."

"मग जा, बाई. असं ताटकळत ठेवू नये कुणाला," आई म्हणाली, आणि लेकीचा हात हातात असताना तिनं सुखानं डोळे मिटले.

पण दिवस उतरला होता. सूर्य माळाच्या कडेला टेकला आणि विळेवाले उठून उभे राहिले. तेव्हा झुंबरगिरीनं मावळतीकडं मान वळवली आणि हाक मारली, "अहो देवा! चालला व्हय? जाताना एक गंमत तर ऐकून जा. एका माणसानं म्हैस घेतली. लई दुधाळ. पण कासंला हात लावला की तिला गुदगुल्या व्हायच्या अन् ती हसत सुटायची. म्हैस हसली की चरवी सांडायची. माणूस वैतागला. मग त्यानं काय केलं असंल?"

सूर्य थांबला. थांबला म्हणजे खरंच थांबला, असं म्हणतात. अर्धा माळाखाली, अर्धा वर, गालावर हात ठेवून ऐकणाऱ्या पोरासारखा.

"त्यानं म्हशीला दुःखाच्या गोष्टी सांगायचं ठरवलं. तर गोष्ट सांगता सांगता त्यालाच रडू फुटलं. त्याचं रडकं तोंड बघून म्हैस आणखीनच हसाय लागली. हसता हसता खाली बसली. बसली ती त्याच्या पायावर..."

असं तो सांगत राहिला आणि एकीकडं दोर ओढत राहिला, हातावर हात, हातावर हात. दोर लाल होऊन येत होता. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि रडतही होत्या. विळेवाल्यांचे खांदे हलायला लागले. गोष्ट संपेना, संध्याकाळ संपेना, माळावरचा तांबडा उजेड जागचा हलेना. मग नदीवरून बांगड्या वाजल्या. केवळा आली. तिचे पाय चिंचेखालच्या मातीला लागले आणि त्याच क्षणी सूर्य हसत हसत पलीकडं पडला.

पाटलाच्या घरी अजून दिवा लागायचा होता. केवळानं उंबरा ओलांडला आणि लेकराला छातीशी धरलं. पाटलाला स्वतःचाच शब्द गिळावा लागला. झुंबरगिरीची माफी मात्र त्यानं मागितली नाही. त्यानंही नाही आणि पारानंही नाही.

निमसरीत आजही पंचमीचा पहिला झोका ज्या सुनेला न्यायला कुणी आलं नाही तिचाच असतो. दोर तिच्या सासऱ्यानं ओढायचा, आणि ती पुरे म्हणेपर्यंत ओढायचा. म्हातारे कुरकुरतात, कंबर दुखते म्हणतात. त्यांना कुणी सोडत नाही. संध्याकाळी सगळं गाव माळाकडं तोंड करून बसतं आणि पोरं सूर्याला गमती सांगतात. म्हणतात, त्या दिवशी निमसरीत दिवस जरा उशिरानंच बुडतो.

झुंबरगिरीच्या मुठी त्यानंतर कधी उघडल्या नाहीत. मरेपर्यंत त्याला दुसऱ्याच्या हातानं जेवावं लागलं.