चाळलेली राख

मांजरीच्या नखांची ही कथा तीन रूपांत ऐकायला मिळते. घाटमाथ्यावरच्या कथनात गुरू जोगी आहे, नदीकाठच्या कथनात मठातली वृद्धा, आणि पागेत राबणाऱ्यांच्या कथनात फकीर. गुरू बदलतो, स्थळ बदलते. शिष्य मात्र सर्वत्र अश्ववैद्यच राहतो. हा योगायोग नसावा, कारण कथेतली चूक घोडे जाणणाऱ्याकडूनच व्हावी अशी आहे. जनावरांच्या वैद्यांच्या घराण्यांत शिष्याच्या हाती पहिल्यांदा शस्त्र देताना ही कथा सांगत. येथे फकिराचे रूप घेतले आहे. ते सर्वांत आखूड आहे, आणि माझ्या मते सर्वांत जुने.

"…पण बाबा, चावरेपणावर औषध कोणतं?"

सिदोजीने टोपली खाली ठेवली. तो सरदारांच्या पागेचा वैद्य होता. ही विद्या त्याला दाऊदबाबांनी शिकवली होती. आता ते पागा सोडून, फकिरी पत्करून गावाबाहेरच्या पिराजवळ राहत.

"कोण चावतं?"

"बाईसाहेबांची मांजर. गादीची मखमल ओरबाडायची, म्हणून मागच्या महिन्यात हिची नखं काढली. जखमा बघा कशा भरल्यात. तर आता चावते. राखेची पाटी सोडून गादीवरच घाण करते. सूड उगवते, दुसरं काय."

"हं… मग दात काढ."

"मग ओरडेल."

"जीभ काढ."

सिदोजी हसला. "मग उरलं काय, बाबा?"

"उशी. बाईसाहेबांना उशीच द्यायची होतीस, वैद्यराज. एवढा खटाटोप कशाला?"

सिदोजीचे हसू मावळले.

"थट्टा राहू द्या. औषध मिळालं नाही तर हिला रानात सोडायचा हुकूम आहे. आणि दुसरी एक आणलीय. तिची नखं उद्या काढायचीत."

बाबांनी टोपलीतली मांजर उचलून अंगणातल्या खड्यांवर ठेवली. तिने पुढचा पाय उचलला, झटकला. मग दुसरा झटकला. लंगडत ती बाबांच्या मऊ गोधडीवर गेली आणि तिथेच तिने घाण केली.

"सूड…" बाबा म्हणाले. "माझ्यावरही उगवते काय?"

सिदोजी तिच्या पंजांकडे पाहू लागला.

"नख म्हणजे खूरच की, बाबा. खूर आपण नेहमी तासतो. घोड्याला कळतही नाही."

"तू तासलंस?"

"…मुळापासून काढलं. पुन्हा येऊ नये म्हणून."

"घोडा कशावर उभा असतो?"

"खुरावर."

"खुराच्या आत काय असतं?"

"शेवटचं हाड."

उत्तर सवयीने आले होते. तोंडातून गेल्यावर ते त्याला ऐकू आले.

"ते काढ," बाबा म्हणाले, "हिच्या बोटांचं काढलंस तसं, आणि मग घोडा चालवून दाखव."

…

"तिचा पंजा हातात घे. बोटाने दाब."

पंजा दाबला की नख बाहेर येते, हे सिदोजीला ठाऊक होते. त्याने दाबला. काही बाहेर आले नाही. मांजर त्याच्या अंगठ्याला कडकडून चावली.

त्याने हात मागे घेतला नाही.

"तिच्याकडे एवढंच उरलंय," बाबा म्हणाले.

…

"बाईसाहेबांना काय सांगू?"

"सांग, आमच्या विद्येत हे बसत नाही."

"असा नियम कुठे आहे?"

"नव्हता. आता आहे. नख सडलं, गाठ आली, तर शस्त्र धर. गादीसाठी नाही."

"आणि पागा हातची गेली तर?"

"इथे जागा आहे की. गोधडी मात्र गेली."

मग बाबांनी आढ्याला टांगलेला काथ्याचा दोर काढून त्याच्या हाती दिला. "खांबाला गुंडाळ. तिला ओरबाडायचंच असतं. कशावर, तेवढं आपण पाहावं."

दुसऱ्या दिवशी सिदोजीने गादीजवळच्या खांबाला दोर घट्ट गुंडाळला. शस्त्राची पेटी उघडलीच नाही. बाईसाहेब जाब विचारायला आल्या तेव्हा नवी मांजर दोर हुंगत होती. तिने पुढचे पाय उंच टेकवले, अंग ताणले आणि ओरबाडू लागली.

बाईसाहेबांनी गादीची मखमल चाचपून पाहिली.

"निदान टोकं तरी कापाल?"

"टोकं कापीन, बाईसाहेब. हाड नाही."

"बरं… आणि ती पहिली? रानात सोडलीत?"

"नाही. ती पिराजवळ आहे. मी तिचं अजून पुष्कळ देणं लागतो."

संध्याकाळी तो पिराजवळ परतला. चुलीतली राख घेऊन अंगणात बसला आणि मलमलीच्या फडक्यातून ती चाळू लागला. बाबांनी चिमूटभर उचलून बोटांत चोळली.

"आणखी बारीक."

सिदोजीने फडके दुहेरी केले, पुन्हा चाळली आणि एकही खडा नसलेली राख पाटीत ओतली.

मांजर गोधडीवरून उतरली. पाटीपाशी येऊन तिने एक पाय राखेवर ठेवला. तो झटकला नाही. मग दुसरा ठेवला.